हेल्मेट विकलं जातं, कागद रद्दीत जातो

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि शेवटी एक काम सांगणार आहे, तेवढं मात्र करा.

माझ्याकडे एक छापील कोरा फॉर्म आहे. कागद पिवळा पडलाय, कडा ठिसूळ झाल्यात. वर छापलंय 'एआरपी/एम १'. एआरपी म्हणजे एअर रेड प्रिकॉशन्स, हवाई हल्ल्यापासून बचाव करण्याची ब्रिटिश यंत्रणा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये एखाद्या गल्लीत बॉम्ब पडला की त्या भागाचा वॉर्डन हा फॉर्म भरायचा आणि त्यातला मजकूर फोनवरून, नाहीतर एखाद्या पोराला सायकलवर पिटाळून, कंट्रोल रूमला कळवायचा.

त्यात काय विचारलंय बघा. घटना कुठे घडली? बॉम्ब कोणत्या प्रकारचा? माणसं अंदाजे किती जखमी किंवा मेलेली, आणि ढिगाऱ्याखाली कोणी अडकलंय का? आग लागलीय का? पाणी, गॅस, वीज, गटार यांपैकी कोणत्या लाइनला धक्का बसलाय? कोणते रस्ते बंद झालेत? न फुटलेला बॉम्ब कुठे पडलाय का? घटनेची वेळ काय? कोणती पथकं आलीत, कोणती वाटेत आहेत? आणि शेवटी शेरा. बस्स. एक पान.

मी वीस वर्षं बातम्या लिहितोय. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे आलं पाहिजे. हा फॉर्म त्याहून बरा आहे. यात 'का' विचारलेलंच नाही, कारण रात्री दोन वाजता 'का'ला काही अर्थ नसतो. त्याऐवजी 'कोणी अडकलंय का' हे विचारलंय. आमच्याकडे अपघाताची बातमी फोनवरून घेताना मी आता मनातल्या मनात हाच फॉर्म भरतो.

हे कागद माझ्यापर्यंत आले ते माझ्या मावसभावामुळे. तो बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्स भागात असतो. तिकडे रविवारी 'कार बूट सेल' भरतात. मोकळ्या मैदानात लोक आपापल्या गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं जुनं सामान विकतात. पुण्याच्या जुन्या बाजाराचं चारचाकी रूप म्हणा. तिथे एका म्हातारबाबांच्या डिकीत त्याला एक पुठ्ठ्याचं पाकीट मिळालं, ३ पौंडांना. आत असे तीन कोरे फॉर्म, एक बिल्ला आणि पेन्सिलीनं लिहिलेली एक वही. दादा म्हणाला, "तुला जुन्या कागदांचं वेड आहे म्हणून घेतलं, नाहीतर मी काय करू याचं?" तिथून हे सुरू झालं. आता दर दीड-दोन वर्षांनी तो आला की त्याच्या बॅगेत माझं एक पाकीट असतं. बायकोचं म्हणणं, घरात वर्तमानपत्रांची रद्दी कमी होती म्हणून आता साहेबांची पण आणायला लागलात.

ती वही म्हणजे एका वॉर्डनच्या प्रशिक्षणाच्या नोंदी आहेत. एका पानावर विषारी वायू ओळखायचे कसे, ते लिहिलंय. मस्टर्ड गॅसला लसणासारखा वास येतो, फॉस्जीनला कुबट गवतासारखा, लुइसाइटला जिरेनियमच्या फुलांसारखा. हे लिहिणारा माणूस कदाचित दुकानदार असेल, कदाचित शाळामास्तर. दिवसभर काम करून संध्याकाळी एखाद्या हॉलमध्ये बसून त्यानं हे उतरवून घेतलं. इंग्लंडवर गॅसहल्ला शेवटपर्यंत झालाच नाही. पण तो होणारच या हिशेबानं सप्टेंबर १९३८ पर्यंत, म्हणजे युद्धाच्या वर्षभर आधीच, ३ कोटी ८० लाख गॅस मास्क लोकांना वाटून झाले होते. लहान पोरांसाठी लाल-निळा मास्क होता, त्याला मिकी माउसचं नाव दिलेलं, म्हणजे पोरं घाबरणार नाहीत. तान्ह्या बाळांसाठी तर अर्ध्या अंगाला झाकणारी पिशवीच होती, आणि आईनं हातपंपानं आत हवा भरत राहायचं.

वॉर्डन म्हणजे कोण, तर आपल्याच गल्लीतला माणूस. ही सेवा १९३७ मध्ये सुरू झाली. बहुतेक वॉर्डन बिनपगारी, दिवसा नोकरी आणि रात्री पाळी. पूर्णवेळ असणाऱ्या पुरुषाला आठवड्याला ३ पौंड आणि बाईला २ पौंड. (काम तेच, बॉम्बही तोच.) सुरुवातीला लोक त्यांच्यावर वैतागायचे. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट लागू झाला होता आणि खिडकीतून जरा उजेड दिसला की वॉर्डन दारात येऊन ओरडायचा. आपल्याकडे लॉकडाउनमध्ये काठी घेऊन चौकात उभ्या राहणाऱ्यांबद्दल लोक जे बोलायचे, साधारण तेच तिकडे बोललं जायचं. मग ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले आणि बोलणी बंद झाली.

वॉर्डनचं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणत्या घरात रात्री किती माणसं झोपतात आणि नेमकी कुठे, याची यादी त्याच्याकडे असायची. जिन्याखाली, तळघरात, की परसातल्या अँडरसन शेल्टरमध्ये. घर कोसळलं की बचाव पथक त्यालाच विचारायचं, आत किती आहेत? तो म्हणाला चार, तर चार सापडेपर्यंत खणायचं. पाचवा पाहुणा आला असेल आणि वॉर्डनला माहीत नसेल, तर तो राहिला ढिगाऱ्यात. आपल्याकडे इमारत कोसळल्यावर 'आत किती लोक असावेत' याचे दिवसभर वेगवेगळे आकडे चालतात. त्या बातम्या मी स्वतः दिल्या आहेत. म्हणून म्हणतो, ही यादी साधी नव्हे.

आपला एक माणूसही या कामात होता, बरं का. व्ही. के. कृष्ण मेनन, पुढे आपले संरक्षणमंत्री झाले ते, त्या काळात लंडनच्या सेंट पँक्रासमध्ये नगरसेवक होते आणि एअर रेड वॉर्डनही होते.

आता या वस्तूंच्या बाजाराबद्दल. इंग्लंडमध्ये हे सामान गोळा करणारे बरेच आहेत. बहुतेक निवृत्त, चिकट आणि बारकाव्यांना पक्के. सगळ्यात जास्त मागणी हेल्मेटला. वॉर्डनच्या हेल्मेटवर पांढरा 'डब्ल्यू' असतो, बचाव पथकाच्या 'आर'. चाचणीत कमी दर्जाचं ठरलेलं पोलाद सैनिकांना न देता नागरी कामासाठी वापरलं जायचं आणि अशा हेल्मेटच्या कडेला ओळखीसाठी भोकं पाडलेली असायची. जाणकार माणूस आधी अक्षर बघत नाही, भोकं बघतो. कारण साध्या हेल्मेटवर 'डब्ल्यू' रंगवायला कितीसा वेळ लागतो? दुसरी फसवणूक तारखांची. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये तिकडे नवीन सिव्हिल डिफेन्स कोअर निघाली, ती १९६८ पर्यंत चालली. तिचे बिल्ले आणि गणवेश 'युद्धकाळातले' म्हणून सर्रास विकले जातात.

माझ्या पाकिटातला बिल्ला खरा आहे. त्याची रचना एरिक गिल या नामांकित शिल्पकारानं केलेली. सुरुवातीचे बिल्ले चक्क चांदीचे होते, मागे हॉलमार्कचे शिक्के. पुढे चांदी गेली आणि साधा धातू आला. माझा साध्या धातूतला आहे. परवडलाही तोच असता.

गॅस मास्कबद्दल एक धोक्याची सूचना. आपल्याकडेही जुन्या बाजारात ते कधीमधी दिसतात. तोंडाला लावून फोटो काढू नका, पोरांना तर अजिबात देऊ नका. त्या काळच्या अनेक मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांनाच सांगावं लागलं की इतिहासाच्या तासाला मुलांना हे घालायला देऊ नका.

सगळ्यात स्वस्त मिळतात ती सिगारेटच्या पाकिटातली चित्रं. विल्स कंपनीनं १९३८ मध्ये हवाई हल्ल्यापासून बचावावर ५० चित्रांचा संच काढला होता. खिडकीच्या फटी कशा बुजवायच्या, आग लावणारा बॉम्ब बादली आणि हातपंपानं कसा विझवायचा, असं एकेका चित्रावर एकेक. बाप सिगारेट ओढणार आणि पोरगं चित्रं जमवणार. सरकारी सूचना घराघरात पोचवायचा याहून हुशार मार्ग मी पाहिलेला नाही. आमच्याकडची सरकारी पत्रकं वाटपाआधीच तालुक्याच्या गोदामात ओली होतात.

पण माझा जीव अडकतो तो कागदात. हेल्मेट काचेच्या कपाटात छान दिसतं, पण बोलत काही नाही. युद्धानंतर नागरी संरक्षणात काम केलेल्या कितीतरी लोकांना 'डिफेन्स मेडल' मिळालं. त्याच्या फितीत मधे आगीचा नारिंगी रंग, कडेला हिरवा, आणि ब्लॅकआउटच्या आठवणीसाठी काळ्या बारीक रेघा. या पदकावर नाव कोरलेलं नसतं. पोस्टानं छोट्या पुठ्ठ्याच्या डबीतून ते घरी यायचं आणि नाव-पत्ता फक्त त्या डबीवर. नातवंडांनी काय केलं, तर पदक ठेवलं आणि डबी फेकली. आता बाजारात पदकं ढिगानं आहेत. पण हे कोणाचं, कोणत्या गल्लीत त्यानं पाळी केली, ते सांगणारा पुठ्ठा गेला तो गेला. जाणते संग्राहक म्हणूनच आधी विचारतात, "डबी आहे का?"

कागद टिकले नाहीत याला आणखी एक कारण आहे, आणि ते थोडं विचित्र आहे. युद्धात कागदाचीच टंचाई होती. सरकारनं लोकांकडून आणि कार्यालयांकडून रद्दी गोळा करण्याची मोहीम चालवली, त्यातून युद्धसामग्री बनायची. म्हणजे युद्धाच्या नोंदी त्याच युद्धाच्या लगद्यात गेल्या. तरीही जे उरलं ते अफाट आहे. लंडन काउंटी कौन्सिलनं तेव्हा नकाशांवर घरोघरचं नुकसान हातानं रंगवून ठेवलं. पूर्ण उद्ध्वस्त तर काळा, दुरुस्तीपलीकडे गेलेलं तर जांभळा, मग लाल, नारिंगी, आणि किरकोळ नुकसान तर पिवळा. एकेका घराला एकेक रंग. हे नकाशे आता पुस्तकरूपात छापलेले आहेत. मृत नागरिकांची यादीही केली, सुमारे ६७ हजार नावं, सात खंड. ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलेत, राजेरजवाड्यांच्या थडग्यांच्या शेजारी.

साहेबांचं फार कौतुक करतोय असं वाटत असेल तर थांबा.

३ मार्च १९४३. पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन हे भुयारी रेल्वेचं अर्धवट बांधलेलं स्टेशन लोक आसरा म्हणून वापरत होते. रात्री सव्वाआठच्या सुमारास भोंगा झाला. दोनच दिवसांपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले होते, त्यामुळे आज आपली पाळी असं सगळ्यांनाच वाटत होतं. लोक पायऱ्या उतरू लागले. तेवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा आवाज झाला. लोकांना वाटलं बॉम्बच. जिन्यात उजेड जेमतेम एका बल्बचा, मधे धरायला कठडा नाही. पायथ्याशी एक बाई लेकरासकट पडली आणि तिच्यावर मागचे पडत गेले. १७३ माणसं गुदमरून मेली, त्यात ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नाही.

चौकशी झाली आणि अहवाल झाकून ठेवला गेला. शत्रूला कळेल, लोकांचं मनोधैर्य खचेल, ही कारणं. तो बाहेर आला १९४५ मध्ये. दरम्यान गल्लीगल्लीत एकच बोललं जात होतं की कौन्सिलनं निष्काळजीपणा केला. नवरा गमावलेल्या एका बाईनं दावा लावला, तेव्हा कोर्टातही ठपका कौन्सिलवरच आला. पण फायलीत काय होतं? १९४१ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या दीड वर्ष आधी, याच कौन्सिलनं वर पत्रं लिहिली होती की हे प्रवेशद्वार गर्दीच्या रेट्यापुढे टिकणार नाही, काम करायला मंजुरी द्या. वरून उत्तर आलं, हा पैशाचा अपव्यय आहे. दुर्घटना झाल्यावर मात्र कठडे आणि दिवे लगेच बसले. आणि कौन्सिलवाल्यांना तोंड उघडायची परवानगी नव्हती.

ती पत्रं रद्दीत गेली असती तर? कौन्सिलवाल्यांच्या पोराबाळांनी आयुष्यभर तो डाग वागवला असता. तिथे आता 'स्टेअरवे टू हेवन' नावाचं स्मारक आहे, २०१७ मध्ये पूर्ण झालं. पैसे लोकांनीच जमवले.

आता आपल्या घरी येऊ. १४ एप्रिल १९४४, आंबेडकर जयंतीचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गाठी, असं ते जहाज. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी ही बातमी जगाला सांगितली आणि इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळाली थेट मे महिन्यात. जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्या नंतर कितीतरी वर्षांनीही गोदीच्या गाळात सापडत राहिल्या. सोनं गाळातून वर येतं. पण त्या संध्याकाळी मुंबईच्या कोणत्या वॉर्डनच्या हातात कोणता फॉर्म होता आणि त्यानं त्यावर काय लिहिलं, ते मला बघायचंय. मुंबईतही एआरपी होतीच. त्यांचे बिल्ले आणि शिट्ट्या चोर बाजारात अजून दिसतात. कागद मला आजवर एकही दिसलेला नाही.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, आठवतंय ना? सकाळपासून मला फोन. भोंगा किती वाजता? खिडक्यांना काळे कागद लावायचे का? सत्तरीच्या पुढची मंडळी १९७१ च्या आठवणी सांगत होती. आपल्या नागरी संरक्षण दलातही 'वॉर्डन सेवा' आहे, शब्द तिकडूनच आलेला. पण आपल्या गावात १९६५ ला, १९७१ ला कोण वॉर्डन होतं, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. एका आजोबांना एवढंच आठवत होतं की तो शिंपी होता आणि त्याच्याकडे शिट्टी होती.

बरं, ते जाऊ द्या, पन्नास वर्षं झाली. परवाचं बघा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्या गावात कंट्रोल रूम होती. रात्रंदिवस फोन वाजायचा आणि एका जाडजूड रजिस्टरमध्ये नोंद व्हायची. कोणाला बेड हवा, कोणाला मिळाला, कोण वाटेत गेलं. मी ते रजिस्टर डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ मध्ये मी माहिती अधिकारात त्याची प्रत मागितली. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथली माणसं त्या काळात राबली आहेत. उत्तर आलं एका ओळीचं. 'मागणी केलेला अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.' अपिलातही तेच. अवघ्या दोन वर्षांपूर्वीचा कागद! आठवड्याभरानं एक शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, दप्तर दुसऱ्या इमारतीत हलवलं ना, तेव्हा दोन टेम्पो रद्दी गेली."

मग मी दुसऱ्या बाजूनं शोधलं. आपल्याच एका मंडळाच्या पोरानं ऑक्सिजन सिलिंडरची वही ठेवली होती. सिलिंडर नंबर, कुठून आणला, कोणाकडे दिला, किती वाजता, परत आला का. पाच रकाने, स्केलनं आखलेले. काही ओळींमध्ये शेवटच्या रकान्यात 'परत आला' लिहिलंय आणि पुढे छोटी फुली. फुली म्हणजे काय ते त्यानं मला सांगितलं, तुम्हीही ओळखलं असेल. एआरपीचा फॉर्म त्यानं आयुष्यात पाहिलेला नाही, पण त्याच्या वहीत तेच प्रश्न आहेत. मी वही मागितली तर म्हणाला, "कशाला पाहिजे तुला? हिशेब तर सगळा मिटला ना." शेवटी त्याच्या समोर बसून १४२ पानांचे फोटो काढले. वही त्याच्याकडेच आहे, त्याच्या आईनं देवघराखालच्या फडताळात ठेवलीय.

तर आता काम.

तुमच्या घरी आजोबा, पणजोबा, काका, आत्या कोणी एआरपीत, होमगार्डमध्ये, नागरी संरक्षण दलात, गोदीत, अग्निशमन दलात असतील, तर ट्रंक उघडा. शिट्टी-बिल्ला मिळाला तर छानच, पण आधी कागद बघा. नेमणूकपत्र, ओळखपत्र, पाळीचा तक्ता, पदकाची डबी, मागे नाव लिहिलेला फोटो. कोविडचंही तेच. डब्यांच्या याद्या, आशाताईंच्या वह्या, स्मशानातल्या नोंदी, सिलिंडरचे हिशेब, व्हॉट्सॲप ग्रुप तसाच असेल तर तो. दिवसाउजेडी सरळ वरून फोटो काढा, पाठची बाजूही काढा आणि मला पाठवा. कोणाचं आजारपण किंवा खासगी गोष्ट त्यात असेल तर तसं सांगा, मी ते कुठेही टाकणार नाही. मूळ कागद देऊ नका, मलाही नाही. घरातच ठेवा, कोरड्या जागी, साध्या कागदी पाकिटात, आणि पाकिटावर कोणाचं, कुठलं, कोणत्या साली ते पेन्सिलीनं लिहा.

आणि एक, लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.